मीच लिहिलेला एक मृत्यू

टीबीच्या पेशंटच्या घरी जाताना मी ॲप्रन घालत नाही. सुरुवातीला घालायचे. मग एका बाईनं दारातच हात जोडले, "मॅडम, शेजारी विचारतात हो, कोण येतं म्हणून." तेव्हापासून मी साध्या कपड्यांत जाते आणि घरचे सांगतील ती होते. कुणाची मामी, कुणाच्या मुलीच्या शाळेतली बाई, एका घरी तर विम्याची एजंट. भिवंडीत एकोणीस वर्षं हेच काम करतेय. कुणी गोळ्या बंद केल्या, कुणी खोली बदलली, कुणी वारलं, हे शोधायचं आणि नोंदवायचं. खूप घरांत चहा प्यायले, पण मी म्हणून एकाही घरात गेले नाही.

आई होती तोवर याचं काही वाटायचं नाही. संध्याकाळी घरी आले की ती विचारायची, "आज कोण झालीस?" मी सांगायचे आणि आम्ही हसायचो. ती गेल्यावर हसण्यासारखं त्यात काही राहिलं नाही. लग्न केलेलं नाही. त्याला मोठं कारण नाही, राहून गेलं. शेजारीण तशी चांगली आहे, पण माझं काम कळल्यापासून जिन्यात भेटली की पदर नाकाशी धरते. मी रागावत नाही. लोकांना भीती वाटते हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तो पेशंट पन्नाशीचा होता. नारपोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचा आणि लूमच्याच वर, माळ्यावरच्या खोलीत राहायचा. खोलीत सहा जण. तिघे दिवसपाळीला, तिघे रातपाळीला, त्यामुळे अंथरुणं तीनच. तो मूळचा वज्रेश्वरीच्या बाजूचा. दर सोमवारी गोळ्यांची पाकिटं न्यायला यायचा आणि खिडकीतूनच म्हणायचा, "मॅडम, खुराक द्या." पहिल्या दिवशी कार्ड भरताना मी जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला, तेव्हा तो आधी नको म्हणाला. मग एक नंबर सांगितला.

"कोणाचा?"

"भैनीचा. पण उगाच लावू नका. बोलत न्हाय आमी."

दोन महिन्यांनी त्याची थुंकी तपासली, स्वच्छ आली. मला बरं वाटलं. इथेच माणसं चुकतात. खोकला थांबला की गोळ्याही थांबवतात. पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दोन सोमवारीही नाही. फोन बंद. मग मी नारपोलीला गेले.

खाली चोवीस लूम सुरू होते. तिथे बोलायचं तर माणसाच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. त्याच्या खोलीतला एक जण लूमवर उभा होता. मी त्याचं नाव घेतलं आणि हातानंच विचारलं, कुठे? त्यानं सुटलेला धागा जोडता जोडता मान हलवली आणि म्हणाला, "वो नहीं रहा." पुढेही काही म्हणाला असावा. त्याचे ओठ हलले, पण मला ऐकू आलं ते एवढंच. मी विचारलं, "कब?" त्यानं तीन बोटं दाखवली, "तीन हफ्ते." तेवढ्यात मुकादम आमच्याकडे बघायला लागला आणि त्या माणसानं पाठ फिरवली.

मी बाहेर आले. रस्त्यावर कापडाच्या गाठी भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्या सावलीत जरा थांबले. पेशंट वारणं मला नवीन नाही. पण थुंकी स्वच्छ झालेला माणूस असा जातो तेव्हा कुठेतरी आपलंच चुकलं असं वाटतं.

नुसत्या ऐकीव बातमीवर मृत्यू लिहायचा नसतो. मी दवाखान्यांत चौकशी केली. ठाण्याकडच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या कारकुनानं रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं. तीन आठवड्यांपूर्वी अंजूरफाट्यावरून ॲम्ब्युलन्सनं आणलेला अनोळखी पुरुष. वय अंदाजे पन्नास, बांधा सडपातळ, अंगात चौकटीचा शर्ट, फुप्फुसाचा आजार. दुसऱ्या दिवशी मृत. कुणी न्यायला आलं नाही म्हणून पोलिसांनी अंत्यविधी केला.

"फोटो आहे पोलिसांकडे," कारकून म्हणाला. "पाहायचा असेल तर चौकीत जा."

मी गेले नाही. त्या आठवड्यात अजून आठ पत्ते राहिले होते. शिवाय मला त्याचा चेहरा तसा पाहायचा नव्हता. तारीख जुळत होती, वय जुळत होतं, चौकटीचा शर्टही त्याच्या अंगात मी पाहिला होता. ऑफिसला येऊन संगणकात त्याच्या नावापुढे 'मृत' असं भरलं आणि कार्डावरच्या नंबरला फोन लावला.

बहीण वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर नारळ-फुलांचं दुकान चालवायची. फोनवर मी कोण ते सांगितलं, तो वारल्याचं सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "माजा नंबर त्यानं दिला व्हता?"

"हो."

"त्यानं सोत्ता दिला?"

"हो ताई."

तेव्हा ती रडायला लागली.

मृत्यूचा फॉर्म भरायला नातेवाइकाला भेटावं लागतं. दोन दिवसांनी एसटीनं वज्रेश्वरीला गेले. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे ओटीची ताटं, मागे दोन स्टुलं. ती साठीच्या आसपासची, विधवा, रिक्षा चालवणाऱ्या मुलाबरोबर राहणारी. मी सवयीनं विचारलं, "शेजाऱ्यांना काय सांगू, मी कोण म्हणून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण म्हंजे? माझ्या भावाला गोळ्या देनारी बाय. बस हितं."

फॉर्ममधले प्रश्न मी विचारत होते, ती उत्तरं सोडून भलतंच सांगत होती. लहानपणी तो गरम पाण्याच्या कुंडात अंडी उकडायला न्यायचा. आई वारली तेव्हा त्याला निरोप उशिरा पोचला, तो दुसऱ्या दिवशी आला, तोवर सगळं उरकलेलं. तिनं चारचौघांत त्याला म्हटलं, तू आमच्यासाठी मेलास. तो उलट पावली गेला, त्यानंतर आलाच नाही. "जीभ झडली न्हाय माझी," ती म्हणाली. मी पेन खाली ठेवलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.

बातमी कळली त्या दिवसापासून धरून दहाव्याला तिनं मला बोलावलं. आम्ही बौद्ध, आमच्यात पिंड नसतो, पुण्यानुमोदन करतात. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते तुमी तुमचं करा, हितं नुसती उबी ऱ्हा." तानसा नदीच्या काठावर तिच्या मुलानं पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. भटजी घड्याळ बघायला लागले. मग ती पुढे झाली आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "माझ्या तोंडून गेलं ते मी मागं घेते रे. घरी यायचं तवा ये. आता तरी खा." थोड्या वेळानं एक कावळा उतरला. ती मटकन वाळूत बसली. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण तिला उठवतानाही मी त्या कावळ्याकडेच बघत होते.

त्यानंतर तिचे फोन यायला लागले. कारण काही नसायचं. "जेवलीस का? काय केलंस?" नुसता वरणभात म्हटलं की रागवायची, "त्यानं काय व्हतंय? रविवारी ये, सुकटीची चटनी करते." पहिल्या रविवारी मी संकोचानं गेले. नंतरच्या रविवारांना मी सकाळी लवकर उठून केस धुवायचे. दुकानामागे बसून आम्ही झेंडूचे हार ओवायचो. ती गिऱ्हाइकांना बिनधास्त सांगायची, "ही भिवंडीची. टीबीच्या लोकांचं काम करते. माझी धाकटी भैन समजा." चार महिने असे गेले. या चार महिन्यांत मला कितीदा वाटलं की एका माणसाच्या मरणानं माझं भलं झालं. असं वाटणं बरं नाही हे कळत होतं, तरी वाटायचं.

मग एका शुक्रवारी, सकाळच्या गर्दीत, खिडकीतून आवाज आला, "मॅडम, ते खालचे म्हनतात मी मेलोय."

चेहरा बघायच्या आधीच मी आवाज ओळखला. तो वाळला होता, दाढी वाढली होती, श्वास लागत होता, पण तोच होता. खालच्या खिडकीवर त्यांनी संगणकात त्याचं नाव पाहिलं होतं आणि तू नाहीस म्हणून सांगितलं होतं. त्याला याची गंमत वाटत होती. मी त्याला आत घेतलं, बाकावर बसवलं, मास्क दिला. स्वतःसाठी मास्क काढला तर बोटांना त्याची दोरी सापडेना.

"कुठे होतात तुम्ही?"

"राहनाळला. गोडाऊनच्या गेटवर बसतो." खोलीतल्या लोकांनी त्याला काढलं होतं. गोळ्यांची पाकिटं बघून एकानं विचारलं, यानं खरं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी जिन्यात ठेवलेली होती. फोन त्याच धावपळीत हरवला. राहनाळला वॉचमनच्या केबिनमध्ये झोपायला जागा होती. खोकला नव्हता, मग गोळ्यांसाठी कशाला यायचं, असं वाटलं. आता परत खोकला सुरू झाला म्हणून आला.

"मी आले होते नारपोलीला," मी म्हटलं. "तो लूमवरचा म्हणाला, वो नहीं रहा."

त्यानं क्षणभर विचार केला. "वो नहीं रहा इधर, असं म्हनला असंल," तो म्हणाला. "मी हितं ऱ्हात न्हाय, असं."

मी थुंकीची डबी दिली, एक्स-रेची चिठ्ठी दिली, सोमवारी सकाळी यायला सांगितलं. बहिणीचं नाव काढलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

शनिवारी मी पोलिस चौकीत गेले आणि चार महिन्यांपूर्वी पाहायला हवा होता तो फोटो पाहिला. अगदी वेगळा माणूस होता. रुंद कपाळ, भुवईवर जुनी खूण, गळ्यात काळा दोरा. शर्ट चौकटीचा होता खरा. पण भिवंडीत चौकटीचा शर्ट कुणाच्या अंगात नसतो? हवालदारानं विचारलं, "ओळखता?" मी नाही म्हटलं. त्यानं फाईल बंद केली. बाहेर आल्यावर मनात आलं, या माणसासाठी एक बाई नदीकाठी रडली आहे आणि याचं नाव तिलाही माहीत नाही, मलाही नाही.

रविवारी वज्रेश्वरीच्या बसमध्ये बसले ती सांगायचं ठरवूनच. वाटेत वाक्यं जुळवली. ताई, एक चांगली बातमी आहे. ताई, माझ्याकडून मोठी चूक झाली. दुकानाशी पोचले तेव्हा तिनं माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं आणि डब्यात तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण होतं. ती म्हणाली, आधी जेव. मी जेवले. मग गिऱ्हाईक आलं. मग ती भावाचं काहीतरी सांगायला लागली, कुंडातल्या अंड्यांचंच, आणि मी ऐकत राहिले. सांगितलं की हे सगळं संपणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती आनंदानं वेडी झाली असती, हे नक्की. पण त्या आनंदात मला जागा असेल का, हे नक्की नव्हतं. एक रविवार अजून, असं मी मनाशी म्हटलं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, उशीर करू नका, एक दिवसही चुकवू नका. संध्याकाळच्या बसनं परत आले. निघताना तिनं पिशवीत फुलं घातली, "आईच्या फोटोला घाल."

सोमवारी तो आला. रिपोर्ट आला होता, आजार परतला होता, पण गोळ्यांनी बरा होण्यासारखा होता. नवीन कार्डावर मी पुन्हा विचारलं, जवळचा नातेवाईक? त्यानं तोच नंबर सांगितला. मग म्हणाला, "मी मेलो असं लिवलं तवा तिला कळवलं व्हतं का?"

मी हो म्हटलं. दहाव्याचंही सांगितलं, कावळ्याचंही, ती काय म्हणाली तेही. तो डोळ्यांना हात लावून बसला. बाहेर पुढचा नंबर पुकारला जात होता. शेवटी म्हणाला, "मना घेऊन चला तिच्याकडं. एकट्यानं न्हाय जावत."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तिला आधी फोन करायला हवा होता, हे आता कळतं. बसमध्ये तो खिडकीशी बसला, वाटेतली गावं ओळखत, हे नवीन झालं, ते गेलं, असं पुटपुटत. मी त्याच्या मागच्या सीटवर होते.

ती एका जोडप्याला नारळ देत होती. तिनं आधी मला पाहिलं, हसली, मग माझ्या मागे त्याला पाहिलं. नारळ तिच्या हातातच राहिला. तो जोडप्याला बाजूला सारून पुढे गेला आणि मास्क खाली ओढला. "बाय, मी हाय," तो म्हणाला.

तिनं नारळ ताटात ठेवला. त्याच्या तोंडाला हात लावला, कपाळाला लावला, दाढी चाचपली, जसं बाजारात काही विकत घेताना पारखावं तसं. मग त्याला आतल्या स्टुलावर बसवलं आणि तांब्या पुढे केला. तो पाणी पीत असेपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. रडली नाही. मी तोवर माझी चूक सांगत होते, लूमचा आवाज, रजिस्टर, चौकटीचा शर्ट, न पाहिलेला फोटो. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "चूक व्हते मानसाकडून. तू काय मुद्दाम केलं न्हाय."

माझा श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. इतक्या घरांत इतकी वर्षं मी खोटंच बोलत आले होते.

"शुक्रवारी," मी म्हटलं.

ती बोटांवर मोजत होती असं नाही, पण तिला वेळ लागला. "म्हंजे रविवारी तू हितं जेवलीस, तवा तुला ठावं व्हतं."

मी मान हलवली.

"मी त्याच्या अंड्यांचं सांगत व्हते. तू ऐकत व्हतीस."

मी भीत होते, असं म्हणता आलं असतं. कशाला, ते सांगता आलं नसतं. तिनं मला घालवलं नाही. चहा मागवला, तिघांनाही. मी माझा कप उभ्यानंच प्यायले आणि मास्क, खिडक्या उघड्या ठेवणं, गोळ्यांच्या वेळा, हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं एकेक गोष्ट लक्ष देऊन ऐकली, जशी कुठल्याही पेशंटची बहीण ऐकते. निघताना म्हणाली, "बस चारची हाय, मॅडम."

चार महिन्यांत तिनं मला मॅडम कधी म्हटलं नव्हतं.

तो तिच्याकडेच राहिला. त्याचं कार्ड मी तिकडच्या आरोग्य केंद्राला पाठवलं. इकडे संगणकातलं 'मृत' काढायला मला लेखी खुलासा द्यावा लागला. आमच्या डॉक्टरांनी तो वाचला आणि एवढंच म्हणाले, "यापुढे फोटो पाहत जा." मी पाहते. अनोळखी मृत्यूची नोंद आली की आता चौकीत जाते आणि फोटो समोर धरते. भुवईवर खूण असलेल्या त्या माणसाला मी आमच्या उपचारातून गळालेल्या पेशंटच्या यादीत शोधलं. तिघांचं वय जुळलं. दोघे सापडले, जिवंत. तिसऱ्याचा पत्ता होता तिथे आता गोडाऊन झालंय.

तिला मी तीनदा फोन केला. तीनही वेळा तिनं उचलला. "बरा हाय तो. गोळ्या घेतो. गिऱ्हाईक हाय, ठेवते." चौथ्यांदा लावला नाही.

उपचार संपल्यावर तो शेवटच्या एक्स-रेसाठी भिवंडीत आला आणि मुद्दाम मला भेटायला वर आला. अंगानं भरला होता. बहिणीबरोबर दुकानात बसतो म्हणाला, हार मात्र जमत नाहीत, तिच्या शिव्या खातो. मी विचारू नये म्हणून स्वतःला आवरत होते, तरी विचारलंच, "माझ्याबद्दल काही?"

त्यानं खोटं सांगितलं नाही. "न्हाय बोलत. मी तुमचं काडलं की दुसऱ्या कामाला लागते." मग म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलो न्हाय, मॅडम. तुमी लिवलं म्हनून ती नदीवर तसं बोल्ली."

मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले. वज्रेश्वरीची गाडी लागलेली होती. चढताना तो म्हणाला, चला की तुमीपण, आज दुकान बंद हाय, घरीच असंल ती. कंडक्टरनं घंटी दिली. मी येईन कधीतरी असं म्हटलं आणि बाजूला झाले. गाडी वळून दिसेनाशी झाली. दुपारी नारपोलीतलेच दोन पत्ते बघायचे होते. तिथल्या एका घरी मी मुलीच्या शाळेतली बाई होते. मी रिक्षा केली.